मंगळवार-शुक्रवारचं टेबल

वाचनालयात समाजकार्याचं टेबल मांडायचं ठरलं, तेव्हा त्याला सगळ्यात जास्त विरोध माझ्या मनात होता. तोंडाने मी काही बोलले नाही. चोवीस वर्षांची, नोकरीला नवी मुलगी, बोलणार काय? पण ते टेबल माझ्या मासिकांचं होतं. दिवाळी अंक, बायकांची मासिकं, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं मी त्यावर हौसेने मांडत असे. एका मंगळवारी ते सगळं उचलून खिडकीत रचावं लागलं आणि टेबल दाराजवळच्या कोपऱ्यात गेलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हिंगणघाटला आमचं किराण्याचं दुकान होतं. आमच्या घरातल्या मुली बारावी झाल्या की लग्न करून जात. मी हट्टाने वर्ध्याला एसटीने ये-जा करून ग्रंथालयाचा कोर्स केला आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले. वाचनालय म्हणजे दोन खोल्या. आत पुस्तकांची कपाटं, बाहेर वर्तमानपत्रांचं लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना बाकं. मागे भाजीबाजार असल्यामुळे दुपारपर्यंत भाव पुकारल्याचा आवाज आत येत राही.

टेबल मागायला आलेली ताई माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी होती. नागपूरला समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, वर्ध्याच्या एका लहानशा संस्थेत काम करणारी. आमच्या कार्यकारिणीसमोर ती म्हणाली, "आठवड्यातून दोन दुपारी मला एक टेबल आणि दोन खुर्च्या द्या. कुणाला अर्ज भरायचा असेल, कुठल्या कार्यालयात जायचं ते कळत नसेल, घरात काही अडचण असेल, तर मी बसून ऐकेन. जमेल ती मदत करेन."

आमचे सचिव रुईचे व्यापारी होते. सगळे त्यांना शेटजी म्हणत. त्यांनी विचारलं, "त्याच्यासाठी तहसील आहे, दवाखाना आहे, पोलीस ठाणं आहे. मग वाचनालयात काऊन?"

"तिथल्या पायऱ्या चढताना माणूस मागे वळून पाहतो, कुणी बघत तर नाही ना म्हणून," ताई म्हणाली. "वाचनालयात जायला कुणी लाजत नाही."

आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. गुरुजींनी चष्मा पुसत पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सहा महिने पाहू."

पहिले दोन आठवडे तिच्याकडे कुणीही फिरकलं नाही. भिंतीवर तिने हाताने लिहिलेला कागद लावला होता. लोक तो उभ्याने वाचत आणि वर्तमानपत्राकडे वळत. ती शांतपणे बसून राही. पाच वाजता खुर्ची आत सरकवून वर्ध्याची गाडी पकडायला जाई. मला आतून बरं वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू? सहा महिन्यांनी माझं टेबल मला परत मिळेल, असा माझा हिशेब होता.

त्याच सुमारास रोज दुपारी एक भाजीवाली बाई वाचनालयात यायची. चाळिशीची, उंच, काटक. रिकामं टोपलं दाराबाहेर उपडं ठेवायची, पदराला हात पुसायची आणि उभ्या उभ्या एकेक वर्तमानपत्र ओढून मधली पानं उलटायची. पहिल्या पानाकडे पाहायचीसुद्धा नाही. सगळे पेपर उलटून झाले की निघून जायची. आमच्याकडे रोज येणारे एक निवृत्त कारकून होते, त्यांनी माझ्याकडे तक्रार केली, "अहो, आज पेपरात कोथिंबिरीची काडी निघाली. पानं ओली होतात. तुम्ही काही सांगणार की नाही?"

तो मंगळवार होता. मी टेबलाजवळ जाऊन तिला म्हटलं, "मावशी, वाचायचं नसेल तर पेपर हाताळू नका. लोकांना वाचायचे असतात."

"वाचता नाई येत मले, बाई," ती हळूच म्हणाली. "फोटो पाहून राह्यली होती."

"फोटो पाहायला वाचनालय नसतं."

हे वाक्य मी सगळ्यांसमोर बोलले. त्यानंतर कितीतरी वर्षं मी चांगलं-वाईट पुष्कळ बोलले असेन, पण हे एक वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. तिने हातातल्या पेपरची घडी जशी होती तशी केली, वर तळहात फिरवून ती बसवली, आणि बाहेर गेली.

ताई कोपऱ्यातून उठली आणि तिच्या मागे गेली. दारातून मला दोघी पायरीवर बसलेल्या दिसत होत्या. ताईने वही नेली नव्हती, पेन नेलं नव्हतं. मावशी बोलत होत्या आणि ताई नुसती मान हलवत होती. बऱ्याच वेळाने ती पाणी घ्यायला आत आली, तेव्हा तिने मला सांगितलं, "तिचा भाऊ हरवलाय. वर्ष होऊन गेलं. पेपरात हरवलेल्यांचे आणि बेवारस सापडलेल्या मृतदेहांचे फोटो येतात ना? ते बघायला ती रोज येते."

पाण्याचा तांब्या मीच घेऊन गेले. माफी मागायचं सुचलं नाही. नुसतं म्हटलं, "मावशी, आत येऊन बसा. बाहेर ऊन आहे."

त्या आत आल्या आणि ताईच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर बसलेलं ते पहिलं माणूस.

भाऊ त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्याला त्यांनीच वाढवला, लग्नानंतर आपल्या घरी आणला. नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमाल. भाऊ शिवणकाम शिकला, बाजारातल्या एका दुकानात बसू लागला. हात इतका सफाईदार की बायका त्याच्याकडूनच ब्लाऊज शिवून घ्यायला थांबून राहत. पंचविशी ओलांडली आणि त्याला आवाज ऐकू येऊ लागले. मशीन सुरू केली की आपल्याला कुणी शिव्या देतं, म्हणायचा. मग मशीनजवळ जाईना. झोप गेली, जेवण गेलं. कुणी सांगितलं म्हणून मावशी त्याला गिरडला घेऊन गेल्या. दर्ग्याच्या टेकडीवर त्या त्याच्यासोबत दिवसच्या दिवस राहिल्या.

"तिथी शांत रायचा तो," त्या म्हणाल्या. "झाडाखाली बसायचा. जेवाचा बी. एका गुरुवारी लई गर्दी होती. मी पाणी आणाले गेली, आन् येऊन पाह्यतो तं जागा खाली."

फुलं विकणाऱ्या म्हाताऱ्याने त्याला पायऱ्या उतरून बसस्टॅंडकडे जाताना पाहिलं होतं. तेवढाच माग. मावशींनी समुद्रपूर पालथं घातलं, जामच्या चौरस्त्यापर्यंत पायी गेल्या.

"पोलिसात सांगितलं होतं?" ताईने विचारलं.

"नाई जी. घरचे म्हणे, पागल माणसाची रिपोर्ट कोण घेते? उलट तुलेच इचारतीन, काऊन सोडलं म्हून. माहा मालक तं म्हणे, सुटला बिचारा." त्यांनी पेपरांच्या टेबलाकडे पाहिलं. "म्हून मी रोज येतो पाहाले. फोटो नाई दिसला की बरं वाटते. म्हणजे जिता आहे."

पुढच्या शुक्रवारी ताई त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात निघाली. मला म्हणाली, "तूही चल. तीन बायका असल्या की बसायला खुर्ची मिळते." मी त्याआधी ठाण्याची पायरी चढले नव्हते. आमच्या घरी कळलं असतं तर वडिलांनी आकांत केला असता. पण तिथे काहीच झालं नाही. एका वयस्कर हवालदाराने सगळं विचारून घेतलं, लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि मावशींचा अंगठा घेतला. ज्या कामाच्या धाकाने वर्ष गेलं, ते काम तासाभरात झालं. बाहेर आल्यावर मावशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच रडल्या.

भावाचा एकच फोटो होता. शिवणकामाच्या परीक्षेच्या प्रवेशपत्रावर चिकटवलेला, कोपऱ्यावर शिक्का पडलेला. त्या फोटोकडे बघता बघता मला माझ्या कपाटातली यादी आठवली. आम्ही आजूबाजूच्या वाचनालयांशी दिवाळी अंकांची देवाणघेवाण करायचो. त्यासाठी आमच्याकडे वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर जिल्ह्यांतल्या वाचनालयांचे पत्ते होते. मी ताईला म्हटलं, "प्रत्येक वाचनालयात एक सूचना फलक असतो. आणि रोज येऊन पेपर वाचणारी दहा-वीस माणसं असतात. ती गावातल्या प्रत्येक नव्या माणसाला ओळखतात. त्यांना आपण पत्रं पाठवली तर?"

 ताई म्हणाली, "हे मला कधी सुचलं नसतं."

कार्यकारिणीत शेटजींनी अपेक्षेप्रमाणे नाही म्हटलं. वाचनालयाच्या नावाने पत्रं जाणार, उद्या काही भानगड झाली तर निस्तरायचं कुणी? मी कार्यकारिणीत हजेरीपुस्तक घेऊन बसत असे, बोलत नसे. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "शेटजी, त्या बाईला मी वाचनालयातून जवळजवळ हाकललं होतं. ती रोज भावाचा मृतदेह शोधायला येते, हे मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय."

गुरुजींनी फोटो मागितला, पाहिला आणि शेटजींकडे सरकवला. शेटजींनी तो हातात घेऊन लांब धरला.

"हा तं आपल्या बाजारातला टेलर होय ना?" ते म्हणाले. "माह्या पोरीच्या लग्नाचे ब्लाऊज यानंच शिवले. हा हरवला?"

 शेटजींनी फोटो परत दिला. "लिहा पत्रं. अन् थोड्या चिठ्ठ्या माह्याकडे देजा. आपल्या रुईच्या गाठी घेऊन ट्रक हैदराबादपर्यंत जातात. ड्रायव्हरले सांगतो मी."

मग तीन-चार दुपारी त्या टेबलावर कारखानाच सुरू झाला. फोटोच्या झेरॉक्स काढल्या. कोथिंबिरीच्या काडीची तक्रार करणाऱ्या कारकुनांचं अक्षर सुंदर होतं, ते आपणहून पत्ते लिहायला बसले. मावशी तिकिटं लावत. मजकूर ताईने तयार केला होता. तिने तो वाचून दाखवला, "मानसिक आजारी तरुण हरवला आहे..."

"असं नोका लिहू," मावशी मध्येच म्हणाल्या.

"काय लिहू मग?"

"तो टेलर आहे. टेलर हरवला म्हून लिहा. आजारी आहे थे खाली लिहा."

ताईने कागद फाडला आणि नव्याने लिहिलं, "उत्तम शिवणकाम करणारा शिंपी, वय अंदाजे तीस, गिरड येथून बेपत्ता आहे. त्याची तब्येत ठीक नसते. कृपया त्याच्याशी प्रेमाने बोलावे."

पत्रं गेली. मग वाट पाहणं आलं. मावशी रोज येत, पण आता पेपर उलटत नसत. माझ्याकडे बघून भुवई उडवत. मी मान हलवली की टोपलं उचलून जात.

दीड-दोन महिन्यांनी यवतमाळकडच्या एका गावातून पोस्टकार्ड आलं. इथल्या देवळाच्या ओट्यावर असा एक माणूस असतो, येऊन पाहावं. आम्ही तिघी पहिल्या गाडीने गेलो. मावशींनी भाकरी, पिठलं आणि भावाला आवडते म्हणून ठेच्याची डबी बांधून घेतली होती. ओट्यावरचा माणूस त्याच वयाचा, त्याच अंगकाठीचा. लांबून मलाही वाटलं, तोच. मावशी जवळ गेल्या, वाकल्या, आणि सरळ झाल्या.

"हा नाई."

मला वाटलं, आता त्या खाली बसतील. त्या बसल्या, पण त्या माणसासमोर. गाठोडं सोडलं आणि भाकरी त्याच्या हातात दिली. तो तेलुगूत काहीतरी बोलला. मावशींना कळलं नाही, तरी त्या "हो हो" म्हणत राहिल्या. मग ताईला म्हणाल्या, "मॅडम, याचंबी लिहून घ्या ना. हा माहा नाई, पण कोणाचा तं असंल."

ताईने तिथल्या माणसांकडून विचारून त्याच्याबद्दल जे कळलं ते लिहून घेतलं, आणि पुढे संबंधित लोकांना कळवलं. त्याचं काय झालं ते आम्हाला कधी समजलं नाही. पण त्या दिवशी परतीच्या गाडीत ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि मावशीच तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या.

थंडी सुरू झाल्यावर एक आंतर्देशीय पत्र आलं. पांढरकवड्याच्या पुढे महामार्गालगत एक लहानसं गाव आहे, तिथल्या एका खोलीच्या वाचनालयातून. तिथले ग्रंथपाल शेती करून संध्याकाळी वाचनालय उघडत. त्यांनी लिहिलं होतं की इथल्या हॉटेलामागे एक माणूस राहतो. दाढी फार वाढली आहे, त्यामुळे फोटोवरून सांगता येत नाही. बोलत नाही. पण फाटकी पोती शिवायला दिली तर इतके बारीक, सारख्या अंतराचे टाके घालतो की हा शिंपीच असावा, असं मला वाटतं.

मी ते पत्र मावशींना वाचून दाखवलं. 'टाके' म्हटल्याबरोबर त्यांनी माझं मनगट धरलं.

हॉटेलमालकाने आम्हाला मागे नेलं. तो पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. केस खांद्यापर्यंत, अंगात कुणीतरी दिलेला मोठा स्वेटर. मांडीवर पोतं, हातात दाभण. मावशी त्याच्यापासून चार हातांवर उभ्या राहिल्या. हाक मारली नाही. ताईने तसं समजावून ठेवलं होतं, एकदम अंगावर जाऊ नका, त्याला घाबरवू नका. त्याने टाका पूर्ण केला, दोरा दाताने तोडला आणि वर पाहिलं.

बराच वेळ तो पाहत राहिला. मोठ्या बहिणीला तो 'बाई' म्हणायचा.

"बाई," तो म्हणाला, "आज बाजारात नाई गेली का?"

"नाई गेली, भाऊ," मावशी म्हणाल्या. "आज तुह्याकडे आली."

मला वाटलं, झालं. आता त्याला गाडीत बसवायचं आणि घरी न्यायचं. पण बसगाडीचं नाव काढताच तो उठून पोत्यांच्या मागे गेला आणि बाहेर येईना. हॉटेलमालक म्हणाला, "उचलून बसवू का? दोन पोरं बोलावतो."

"नको," ताई म्हणाली. "त्याच्या पायांनी येऊ दे."

मला तिचा राग आला. एवढं शोधून काढलेलं माणूस सोडून जायचं? उद्या पुन्हा निघून गेला तर? मावशीसुद्धा हललेल्या दिसल्या. पण त्यांनी पोत्यांच्या दिशेने बघून सांगितलं, "मी मंगळवारी येतो, भाऊ. ठेचा आणतो." हॉटेलमालकाला आणि त्या गावच्या ग्रंथपालांना लक्ष ठेवायला सांगून आम्ही निघालो.

मंगळवारी ताईने टेबल बंद ठेवलं आणि आम्ही पुन्हा गेलो. तो पोत्यांच्या मागे गेला नाही. मावशींजवळ बसून जेवला, पण बसजवळ आला नाही. तिसऱ्या खेपेला जेवण झाल्यावर मावशी म्हणाल्या, "माहं पोलकं पाह्य. दुसऱ्याकडून शिवलं, बगलेत वढते." त्याने त्यांच्या खांद्याजवळची शिवण बोटाने चाचपली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "कोणी शिवलं हे?" मग आपलं पोतं घडी करून ठेवलं आणि आमच्या पुढे चालत एसटीच्या थांब्यावर येऊन उभा राहिला.

ताईला उचलून आणायचं नव्हतं ते का, हे मला बसमध्ये कळलं. तो खिडकीजवळ बसला होता आणि जाणाऱ्या गावांच्या पाट्या वाचत होता. त्याला आम्ही आणत नव्हतो. तो घरी चालला होता.

पुढचं काम शोधण्यापेक्षा अवघड होतं. वर्ध्याला, जिल्ह्याच्या ठिकाणी, मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर बसत. ताई दर महिन्याला मावशींसोबत त्याला तिथे नेई. मावशींनी एकदा भीत भीत विचारलं, "गिरडले गेलो तं चालंल का?" डॉक्टर म्हणाले, जरूर जा, गोळ्या मात्र सोबत ठेवा. मावशी हे सगळ्यांना सांगत सुटल्या.

मावशींचे यजमान त्याला घरात ठेवायला तयार नव्हते. दोन तरण्या मुली आहेत, म्हणाले. ताई त्यांच्या घरी गेली. मी सोबत होते. तिने उपदेश केला नाही. विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते ते सांगा." तो रांगडा माणूस म्हणाला, "एक दिवस मी कामावर असंन अन् तो पुन्हा निंगून जाईन. मंग ही मरून जाईन, मॅडम. त्या वर्षभरात मी हिले पाह्यलं आहे." आम्ही समजत होतो त्याला मेव्हण्याचा तिटकारा आहे. त्याला बायकोची काळजी होती. ताईने त्याला आजाराची लक्षणं समजावून सांगितली, कधी दवाखान्यात न्यायचं, गोळ्या चुकल्या तर काय होतं ते सांगितलं. पुढे गोळ्या वेळेवर देण्याचं काम त्यानेच अंगावर घेतलं.

सगळं सरळ झालं असं नाही. एकदा आवाज परत आले, तेव्हा त्याने तीन दिवस दार लावून घेतलं होतं. एकदा गोळ्यांनी हात थरथरू लागले आणि सुईत दोरा ओवता येईना, म्हणून त्याने गोळ्या नालीत फेकल्या. डॉक्टरांनी औषध बदललं. वर्षभराने घराच्या ओसरीवर मावशींनी जुनी मशीन मांडली. आधी उशांचे अभ्रे, मग परकर, मग हळूहळू ब्लाऊज. शेटजींच्या धाकट्या सुनेने पहिलं कापड पाठवलं.

वाचनालयात मात्र तो कधी आला नाही. बंद खोली आणि इतकी माणसं त्याला सोसत नसत. बहिणीला घ्यायला आला तरी रस्त्याच्या पलीकडे उभा राही. आम्हीही कधी आग्रह केला नाही.

सहा महिन्यांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. कुणालाच तिची आठवण राहिली नाही. टेबलासमोर आता तिसरी खुर्ची आली होती आणि तिच्यावर मावशी बसत. मंगळवार-शुक्रवार भाजी लवकर आटोपून त्या येत. कुणी नवी बाई दारात घुटमळली की त्या आतूनच म्हणत, "ये माय, बस. मॅडमले सांग. मीबी अशीच आलती." निराधार योजनेच्या अर्जासाठी फिरून फिरून दमलेली विधवा आली. सासरी परत जायचं नव्हतं अशी एक मुलगी आली आणि तिच्या सासूलाही घेऊन ताई बोलत बसली. दारू सोडायची आहे असं सांगायला एक शिक्षक आले, तेव्हा त्यांनी हातात मासिक धरलं होतं, कुणी पाहिलं तर वाचायला आलो म्हणता यावं म्हणून. सगळ्यांचं भलं झालं असं नाही. काही जण एकदा येऊन गेले ते गेलेच. पण त्या कोपऱ्यात बसून कुणी बोलत असलं की पेपर वाचणारी माणसं आपणहून लांबच्या बाकावर सरकत, हे मी रोज पाहत होते. माझ्या मासिकांसाठी गुरुजींनी भिंतीला फळ्या ठोकून दिल्या.

नवं शतक उजाडलं, त्यानंतर चार-पाच वर्षांनी ताई लग्न करून अकोल्याकडे गेली. तिच्या जागी दुसरी मुलगी आली. ती पहिल्या दिवशी घाबरलेली होती. मावशींनी तिला चहा पाजला आणि कोणत्या कार्यालयात कोणता बाबू दुपारी जागेवर असतो ते सांगितलं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर भावाची दवाखान्याची तारीख आली. मावशींना ताप होता, यजमानांना सुटी मिळत नव्हती. नवी मुलगी म्हणाली, मी नेते. त्यावर भाऊ म्हणाला, "मी जातो एकटा."

तो सकाळीच गेला. एरवी मावशी त्याला आणायला एकट्याच गेल्या असत्या, पण तापाने त्यांच्या अंगात ताकद नव्हती, म्हणून संध्याकाळी वाचनालय बंद करून मी त्यांच्यासोबत बसस्टॅंडवर गेले. वर्ध्याची एक गाडी आली, त्यात तो नव्हता. दुसरी आली, तिच्यातही नव्हता. मावशी शाल लपेटून बाकावर बसल्या होत्या.  मी उगाच वेळापत्रकाची पाटी वाचत होते.

तिसऱ्या गाडीतून तो उतरला. हातात औषधांची पिशवी आणि कागदात गुंडाळलेली दोऱ्याची रिळं. आम्हाला पाहून त्याला आश्चर्य वाटलं.

"तापात काऊन आली, बाई?" तो रागावला. "वर्ध्यात दोरा घेऊन राह्यलो होतो. इथी मोरपंखी भेटत नाई."

"डॉक्टर काय म्हणे?" मावशींनी विचारलं.

"एक गोळी कमी केली." त्याने चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "वाचून दाखवा हिले. माहं ऐकत नाई ही."

मी दिव्याखाली जाऊन चिठ्ठी वाचली. एक गोळी खरंच कमी झाली होती. मी मावशींना तसं सांगितलं, दोनदा सांगितलं. तोवर तो पिशवी खांद्याला अडकवून चालू लागला होता. दिवाळीचे एवढे ब्लाऊज पडले आहेत, म्हणाला, काजं करायची राहिली आहेत, लवकर चला.